गव्हाला पचतं ते तणालाही पचतं

पहाटे साडेपाच

जानेवारीच्या अखेरीस कर्नालला उजाडतं उशिरा, आणि उजाडलं तरी धुक्यात ते फारसं कळत नाही. उठल्यावर मी आधी बाहेर जाऊन कुंडीतल्या झाडाच्या पानाला हात लावते. पान ओलं असेल तर दहाच्या आत फवारणी नाही, हा आमच्या कामातला साधा नियम. दवाने भिजलेल्या पानावरून औषध ओघळतं. झाडाला नक्की किती मिळालं याचा हिशेब मग लागत नाही आणि पुढचा महिनाभराचा प्रयोग वाया जातो.

मी वाशीम जिल्ह्यातली, सोयाबीनच्या पट्ट्यातली. काम मात्र हरियाणाच्या गव्हावर, खरं सांगायचं तर गव्हातल्या एका गवतावर. शास्त्रीय नाव फॅलॅरिस मायनर. इथले शेतकरी त्याला मंडूसी किंवा कनकी म्हणतात, पंजाबात गुल्लीडंडा. मेक्सिकन गव्हाबरोबर साठच्या दशकात ते इथे आलं, असं गावोगावी ऐकायला मिळतं. पण हे गवत त्याच्या कितीतरी आधी इथल्या वनस्पतींच्या नोंदींत आहे. बुटका गहू, भरपूर पाणी आणि भरपूर खत मिळाल्यावर ते फोफावलं, इतकंच. माझा प्रश्न एका ओळीचा आहे: फवारलेलं तणनाशक हे गवत पचवतं कसं?

सकाळी साडेसात

कैथलच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना गहूच गहू. मधूनच एखादा उसाचा तुकडा, एखाद्या वाफ्यात जनावरांसाठी बरसीम. जीप थांबते तिथे बांधावर ताऊ उभे असतात. या भागात वडिलांपेक्षा वयाने मोठ्या माणसाला ताऊच म्हणायचं. ते मला बेटी म्हणतात आणि पाहुण्यांसमोर डाक्टरनी.

"बेटी, एकरी एकशे साठ ग्रॅमचं अख्खं पाकीट घातलं. पाणीही मापात घेतलं. तरी बघ."

ते पाकीट क्लोडिनाफॉपचं. पंधरा टक्क्यांची पावडर एकरी १६० ग्रॅम, म्हणजे हेक्टरी ६० ग्रॅम मूळ घटक. शिफारस तेवढीच आहे. मी गव्हाच्या ओळीत खाली बसते. उभ्याने बघणाऱ्याला इथे सगळं गहूच दिसतं. बसून बघितलं की फरक लागतो. पान जिथे खोडाला मिळतं तिथे गव्हाला दोन बारीक कान असतात, खोडाला वेढून बसलेले. मंडूसीला कान नसतात. तिथे पांढरट, कागदासारखा पातळ पापुद्रा उभा असतो. आणि बुंध्याशी खोड चिमटीत धरून मोडलं की आत लालसर रंग दिसतो. शेतावरच्या बायका हा रंग बघूनच गवत उपटतात, पानाकडे बघायची त्यांना गरज पडत नाही.

शेत बघताना मी जिवंत तणांच्या बरोबरीने मेलेली तणं शोधते. जिवंत तणं सरळ पट्ट्यात दिसली तर तिथे फवाऱ्याचा झोत पोचलाच नाही असं समजावं. बांधाच्या कडेने दिसली तर वळताना हात उचलला गेला. पण वीतभर जागेत एक झाड वाळून कोळ झालंय आणि त्याला खेटून दुसरं हिरवंगार उभं आहे, दोघांवर एकच झोत पडला आहे, तर मग औषधात किंवा फवारणीत दोष शोधण्यात अर्थ नाही. दुसऱ्या झाडात काहीतरी वेगळं आहे. ताऊंच्या शेतात मधल्या भागात नेमकं असंच दिसतं. मी अशी जिवंत झाडं मुळासकट उपटून ओल्या गोणपाटात बांधून घेते. पानं छाटून ती कुंडीत लावली की आठवड्यात नवी पालवी येते आणि त्याच झाडांची परीक्षा घेता येते. बियाणं तयार होईपर्यंत थांबावं लागत नाही.

ताऊंनी हे सगळं एकदा बघितलेलं आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इथे आयसोप्रोट्युरॉन आलं आणि पुढची दहा-पंधरा वर्षं गव्हात दुसरं काही वापरायची वेळच आली नाही. स्वस्त होतं, गव्हाला इजा करत नव्हतं. पुष्कळ जण ते फवारतही नसत. युरियात किंवा वाळूत कालवून हाताने फेकत. कुठे मूठभर पडे, कुठे चिमूटभर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते चालेनासं झालं. हिसारच्या कृषी विद्यापीठातले डॉ. आर. के. मलिक आणि डॉ. समुंदर सिंह यांनी १९९३ साली या गवतात प्रतिकारशक्ती आल्याचं जाहीर केलं. तेव्हा काही शेतांत चौरस मीटरमध्ये दोन-तीन हजार मंडूसीची झाडं असत. गहू दिसतच नसे. लोकांनी उभं हिरवं पीक कापून गुरांना घातलं. ताऊ त्या वर्षाबद्दल फार बोलत नाहीत. "दाणाच घरी आला नाही," एवढं म्हणतात आणि विषय बदलतात.

आज त्यांना माझ्याकडून एक नाव हवं आहे. कुठली नवी बाटली आणू? मी म्हणते, "ताऊ, आता गहू गुडघ्यापर्यंत आलाय, तणही मोठं झालंय. आता काहीही मारलं तरी अर्धवट मरेल, आणि अर्धवट मरणं सगळ्यात वाईट. माणसं लावा, ओंबी बाहेर पडायच्या आत उपटून घ्या." मजुरीचे भाव ते मला ऐकवतात. ते खरेच असतात. एकरभर गव्हातून गवत उपटायला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर परवडत नाहीत. तरीही माझं उत्तर बदलत नाही, कारण या मधल्या भागातल्या प्रत्येक ओंबीत शेकड्याने बी असतं आणि गव्हाची कापणी व्हायच्या आधीच ते जमिनीवर सांडलेलं असतं.

सकाळी दहा

नेटहाऊसमध्ये कुंड्यांच्या रांगा. एका बाजूला निरनिराळ्या गावांतून आणलेल्या मंडूसीची रोपं, दुसऱ्या बाजूला जिथे कधीच तणनाशक पडलं नाही अशा जागेतल्या बियाची रोपं. तुलनेसाठी ही दुसरी रांग नसेल तर पहिलीला काही अर्थ नाही. रोपं तीन-चार पानांवर आहेत, म्हणजे फवारणीचं योग्य वय.

फवारणी हाताने होत नाही. स्प्रे चेंबर म्हणजे काचेची एक उंच पेटी. तिच्यात नोझल ठरावीक वेगाने, ठरावीक उंचीवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतं. प्रत्येक गावाच्या रोपांना शिफारशीच्या पाव मात्रेपासून आठपट मात्रेपर्यंत चढती फवारणी, आणि एक ट्रे नुसत्या पाण्याचा. महिनाभराने झाडं कापून, ओव्हनमध्ये वाळवून वजन करायचं. वाढ निम्म्यावर आणायला साध्या रोपांना किती औषध लागलं आणि या गावच्या रोपांना किती, हा भागाकार आमच्या सगळ्या अहवालांच्या मुळाशी असतो.

आज जास्त महत्त्वाचा आहे तो दुसरा संच. त्यातल्या निम्म्या कुंड्यांवर तणनाशकाच्या तासभर आधी मॅलॅथिऑन फवारलं जातं. मॅलॅथिऑन हे कीटकनाशक. गवताला ते मारत नाही. मग ते कशासाठी?

तणनाशकातून तण वाचतं ते ढोबळमानाने दोन वाटांनी. तणनाशक झाडातल्या एखाद्या नेमक्या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि त्याचं काम बंद पाडतं. आयसोप्रोट्युरॉन प्रकाशसंश्लेषणातल्या डी-१ नावाच्या प्रथिनाला चिकटतं, क्लोडिनाफॉप स्निग्धाम्लं तयार करणाऱ्या एन्झाइमला, सल्फोसल्फ्युरॉन अमिनो आम्लं तयार करणाऱ्या एन्झाइमला. पहिल्या वाटेत त्या प्रथिनाचाच आकार एखाद्या उत्परिवर्तनाने किंचित बदलतो आणि औषधाला चिकटायला जागा राहत नाही. दुसऱ्या वाटेत प्रथिन जसंच्या तसं असतं, औषधही पानात शिरतं, पण तिथे पोचायच्या आत झाड त्याचे तुकडे करून टाकतं. यालाच चयापचयी प्रतिकार म्हणतात. त्यात पहिला हात असतो सायटोक्रोम पी-४५० या एन्झाइमांचा. आपल्या यकृतात गोळ्या-औषधांची विल्हेवाट लावतात ती एन्झाइमं याच मोठ्या कुळातली.

मॅलॅथिऑन या पी-४५० एन्झाइमांना काही काळ निकामी करतं. एन्झाइम मॅलॅथिऑनवर काम करायला जातं, त्यातून सुटलेला गंधकाचा अणू एन्झाइमलाच बांधून टाकतो. म्हणून मॅलॅथिऑन मिळालेल्या कुंडीतलं झाड मेलं आणि शेजारचं नुसत्या तणनाशकाने मेलं नाही, तर तण औषध पचवत होतं याचा तो भक्कम पुरावा. आयसोप्रोट्युरॉनच्या बाबतीत १९९०च्या दशकात नेमकं हेच दाखवलं गेलं. डॉ. समुंदर सिंह आणि स्कॉटलंडमधले त्यांचे सहकारी यांनी पी-४५० अडवणारी रसायनं वापरली, आणि प्रतिकारक्षम मंडूसी पुन्हा औषधाला बळी पडली.

इथे मला दरवेळी कुणीतरी विचारतंच: मग दोन्ही मिसळून शेतात का मारत नाही? मिसळू नका, कधीच नका. कारण गव्हात आहे. आयसोप्रोट्युरॉनने गहू मरत नाही तो गव्हाचं डी-१ प्रथिन वेगळं आहे म्हणून नव्हे. गव्हालाही ते चिकटतं, थोडा वेळ गव्हाचंही प्रकाशसंश्लेषण मंदावतं. पण गहू त्याचे तुकडे करतो आणि सावरतो, त्याच पी-४५०च्या जोरावर. ती एन्झाइमं अडवली तर तणाबरोबर गहूही जाईल. पिकात वापरायच्या तणनाशकांपैकी पुष्कळशी याच एका भेदावर उभी आहेत, की पिकाला ते पचतं आणि तणाला पचत नाही. क्लोडिनाफॉपच्या पाकिटात तर क्लोक्विंटोसेट नावाचं आणखी एक रसायन मुद्दाम घातलेलं असतं, गव्हाची पचवायची ताकद वाढावी म्हणून. मंडूसीने आता तो भेदच पुसत आणला आहे. गव्हाला जे येत होतं ते तिला येऊ लागलं आहे. या विषयातलं सगळ्यात काळजीचं वाक्य हेच आहे, आणि बाटलीच्या लेबलवर ते कुठेच छापलेलं नसतं.

दुपारी बारा

तीन आठवड्यांपूर्वी फवारलेले ट्रे आज वाचायचे आहेत. वाचायचे म्हणजे एकेका रोपापाशी थांबून त्याची अवस्था लिहायची.

प्रथिन बदललेलं असतं ती रोपं ओळखायला सोपी. औषध पडलं होतं याची खूणही त्यांच्यावर नसते. पाण्याच्या ट्रेशेजारी ठेवली तर वेगळी काढता येणार नाहीत. पचवणारी रोपं तशी नसतात. त्यांना मार बसलेला असतो. बाहेरची पानं पिवळी, टोकं करपलेली, उंची खुंटलेली. पहिल्या आठवड्यात बघणारा म्हणेल, हे गेलं. मग पोंग्यातून एक नवं पान निघतं, अरुंद पण स्वच्छ हिरवं. ते कळीचं पान. त्यापाठोपाठ बुडातून फुटवा, आणि महिन्याभरात झाड पुन्हा उभं. शेतकऱ्याला दहाव्या दिवशी शेत पिवळं दिसतं, तो समाधानाने घरी जातो. तिसऱ्या आठवड्यात तो मला फोन करतो.

शिवाय इथे सगळं सरमिसळ असतं. एकाच गावच्या बियातली काही रोपं मरतात, काही रडतखडत जगतात, काही तरारतात. कारण पचवण्याची ताकद एका जनुकावर अवलंबून नसते. एक थोडं जास्त काम करतं, दुसरं आणखी थोडं, आणि थेंबे थेंबे तळे साचते. म्हणूनच अर्धी मात्रा घातक असते. पूर्ण मात्रेत जे रोप मेलं असतं, ते निम्म्या मात्रेत जगतं आणि आपली थोडीशी ताकद बियात ठेवून जातं. ऑस्ट्रेलियात पॉल नीव्ह आणि स्टीफन पाउल्स यांनी तिथल्या रायगवतावर हे प्रयोगाने दाखवलं. साध्या, औषधाला बळी पडणाऱ्या गवतावर कमी मात्रा फवारायची, जगलेल्यांचं बी घ्यायचं, पुन्हा फवारायचं. तीनच पिढ्यांत पूर्ण मात्रेलाही न जुमानणारं गवत तयार झालं. रायगवतात परपरागीभवन होतं, त्यामुळे वेगवेगळ्या झाडांतली ताकद एका बियात लवकर गोळा होते. मंडूसी बहुतेक स्वपरागीभवन करते. तिला जास्त वेळ लागायला हवा होता. युरियात कालवून फेकलेल्या आयसोप्रोट्युरॉनने तो वेळ कमी केला, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुपारी दीड

मेसमध्ये कढी-पकोडा आणि भात. इथल्या मैत्रिणींना मी भाकरीसाठी ज्वारी दळून आणते याचं अजून नवल वाटतं.

दुपारी अडीच

लॅबमध्ये पहिलं काम द्रव नायट्रोजनचं. उणे १९६ अंश. सकाळी फवारलेल्या रोपांची पानं ठरलेल्या तासाला कापायची आणि कापता क्षणी त्यात टाकायची. पान कापल्यावरही एन्झाइमं थांबत नाहीत, औषध पचतच राहतं. गोठवलं तरच त्या तासाची स्थिती कायम राहते. गोठलेलं पान खलात घातलं की बत्त्याच्या पहिल्याच दाबाखाली काचेसारखं फुटतं आणि बघता बघता त्याची फिकट हिरवी भुकटी होते. हातमोजे जाड असतात, तरी बोटं सुन्न पडतात. ही भुकटी मिथेनॉलमध्ये घोळवायची, गाळायची आणि यंत्रात सोडायची.

पडद्यावर मग एकेक शिखर उमटतं. एक मूळ औषधाचं, बाकीची त्याच्या तुकड्यांची. साध्या रोपात मूळ औषधाचं शिखर तासन् तास उंच राहतं. प्रतिकारक्षम रोपात ते भराभर बसतं आणि बाजूची शिखरं चढत जातात. गव्हाचा आलेख त्याशेजारी ठेवला की अंगावर काटा येतो, इतके ते सारखे दिसतात. आयसोप्रोट्युरॉनचे तुकडे दोन तऱ्हांनी होतात: एकात नायट्रोजनवरचा मिथाइल गट निघतो, दुसऱ्यात रेणूच्या एका टोकाला ऑक्सिजन जोडला जातो. गव्हातही तेच, मंडूसीतही तेच.

तुकडे करणं ही पहिली पायरी. दुसऱ्या पायरीत त्या तुकड्याला ग्लुटाथायोन किंवा साखरेचा रेणू जोडून तो निरुपद्रवी, पाण्यात विरघळणारा केला जातो. तिसरीत पेशीच्या पटलातले वाहक त्याला रिक्तिकेत नेऊन टाकतात आणि तिथून तो परत येत नाही. इंग्लंडच्या गव्हात ब्लॅकग्रास नावाचं गवत आहे. त्यात दुसऱ्या पायरीचं एक प्रथिन फार मोठ्या प्रमाणात तयार होतं. रॉबर्ट एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं की तेच एक प्रथिन प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या वनस्पतीत घातलं तरी ती एकाहून अधिक तणनाशकांना दाद देईनाशी होते.

खरी डोकेफोड मात्र पी-४५०ची. माणसात ही जनुकं साठच्या आत आहेत. प्रयोगशाळेतल्या साध्या अ‍ॅराबिडॉप्सिस रोपट्यात सुमारे अडीचशे, भातात साडेतीनशेच्या आसपास. यातलं नेमकं कोणतं कोणतं औषध पचवतं हे शोधायला जगभर माणसांची वर्षंच्या वर्षं गेली. कॅलिफोर्नियाच्या भातशेतीतल्या एका सावागवतात जपानच्या सातोशी इवाकामी यांच्या गटाने २०१४ मध्ये सीवायपी-८१-ए कुळातली दोन जनुकं हाताशी धरली. पुढे ऑस्ट्रेलियाच्या रायगवतात याच कुळातलं एक जनुक सापडलं. ते एकटं किमान पाच वेगवेगळ्या तऱ्हेने काम करणाऱ्या तणनाशकांना पचवतं.

पाच वेगवेगळ्या तऱ्हा. हे वाचून पुढे जाऊ नये, थांबावं. शेतकऱ्याला आपण वर्षानुवर्षं सांगत आलो की औषध बदलत राहा, म्हणजे प्रतिकार येणार नाही. प्रथिन बदललेल्या तणाला ते लागू पडतं. पचवणाऱ्या तणाला औषधाचा गट कळत नाही. त्याच्या एन्झाइमात रेणू बसला की काम झालं. ऑस्ट्रेलियात ऐंशीच्या दशकात एका औषधाने तयार झालेलं प्रतिकारक्षम रायगवत दुसऱ्या गटाच्या औषधालाही दाद देईना, आणि ते दुसरं औषध त्या शेतात कधी पडलेलंच नव्हतं. उद्या कंपनी जो रेणू बाजारात आणेल त्याची तयारी आज शेतात झालेली असू शकते. आणि नवे रेणू तरी कुठे येताहेत? ऐंशीच्या दशकानंतर जवळजवळ तीस वर्षं पूर्णपणे नव्या तऱ्हेने काम करणारं एकही मोठं तणनाशक बाजारात आलं नाही.

हरियाणात आयसोप्रोट्युरॉन गेल्यावर १९९७-९८च्या सुमारास क्लोडिनाफॉप, फेनोक्साप्रॉप आणि सल्फोसल्फ्युरॉन आली. शेतकऱ्याने सुटकेचा नि:श्वास टाकला. पुढच्या दहा-बारा वर्षांत तीही ठिकठिकाणी अपुरी पडू लागली. काही शेतांत प्रथिन बदललेलं सापडतं, काहींत पचवणारी यंत्रणा, काहींत एकाच झाडात दोन्ही. ताऊंच्या शेतातलं गवत कोणत्या वाटेने गेलंय हे गोणपाटात बांधून आणलेली झाडं सांगतील. त्याआधी अंदाज बांधणं मला मान्य नाही.

संध्याकाळी पाच

चहाच्या टपरीवर फोन वाजतो. वाशीमहून मामा. हरभरा घाटे धरतोय, बोलणं मात्र खरिपाचं.

"गेल्या खरिपात सोयाबीनला दोनदा मारलं, तरी केना जसाच्या तसा. कृषी केंद्रवाला म्हणतो तणाला सवय झाली, आता भारीतलं घ्या. तुझं काय म्हणणं?"

"मामा, मारलं तेव्हा केना केवढा होता?"

"पाऊस लागून राहिला ना. वाफसा यायलाच वेळ गेला. वीतभर तरी झाला असेल."

"मग त्याला सवय झाली असं आत्ताच म्हणू नका. वीतभर केना कुठल्याही औषधाला भारी पडतो. दोन-चार पानांवर असताना मारून मग बघायचं."

मामांचं औषध इमॅझेथापायर. गव्हातलं सल्फोसल्फ्युरॉन आणि हे दोन्ही एकाच एन्झाइमला जाऊन चिकटतात. सोयाबीन त्यातून वाचतं ते ते पचवतं म्हणूनच. इथल्या गव्हाची आणि विदर्भातल्या सोयाबीनची गोष्ट या एका मुद्द्यावर एकच आहे, आणि म्हणून मला फोन ठेवल्यावर चैन पडत नाही. तेच पीक, तेच औषध, दरवर्षी, लाखो हेक्टरवर. डवरणी बंद, निंदण परवडत नाही. मी त्यांना तीन नावं विचारते, गेल्या तीन खरिपांत मारलेल्या औषधांची. ती तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांची निघतात, रंग वेगळे, डबे वेगळे. मूळ घटक तिन्हींत तोच.

"म्हणजे मी औषध बदललंच नाही म्हण की."

"नाही बदललं, मामा. डब्यावरचं बारीक अक्षरातलं नाव वाचत जा."

संध्याकाळी साडेसहा

शेवटचं काम टेबलावरचं. शेतकऱ्यांसाठी मोठ्या अक्षरातलं दोन पानी पत्रक. पी-४५० हा शब्द त्यात नाही. काय करावं एवढंच आहे.

या पत्रकात मला सगळ्यात वर ठेवायची आहे ती पेरणी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हरियाणात मंडूसीची लाट आवरली ती नव्या औषधांनी आणि त्यांच्या जोडीला बिननांगरणीने. भात कापल्यावर नांगर न घालता धसकटातच गहू पेरायचा. जमीन हलत नाही, खाली गाडलेलं बी उगवणीला अनुकूल स्थितीत येत नाही, आणि पेरणी आठवडा-दोन आठवडे आधी होते. मंडूसीला उगवायला थंडी लागते, साधारण पंधरा अंशांच्या आसपास. थंडी पडेपर्यंत लवकर पेरलेला गहू पुढे निघून गेलेला असतो आणि तिला सावलीत टाकतो. औषधाने पेच पडला म्हणून लोक नांगर सोडायला तयार झाले. डिझेलचा खर्च वाचला हा वरचा फायदा. पुढे हेच तंत्र गंगेच्या मैदानात लांबवर पोचलं. तणशास्त्रातलं इतकं चांगलं काम फार कमी लोकांना माहीत आहे, याची मला खंत वाटते.

दुसरी गोष्ट फेरपालट. एखाद्या वर्षी गव्हाच्या जागी बरसीम घेतलं की ते जनावरांसाठी वारंवार कापलं जातं आणि मंडूसीला बी धरायला सवडच मिळत नाही. ऊस असला तर गव्हाचा हंगामच चुकतो. पण हमीभाव गव्हाला आणि भाताला आहे. बरसीम घ्या असं सांगणं सोपं आणि घेणं अवघड, हे मी पत्रक लिहिताना विसरत नाही. फेरपालट हा विषय शेतकऱ्याच्या समजुतीचा कमी आणि खरेदीच्या धोरणाचा जास्त आहे.

मग औषध. पूर्ण मात्रा, एकरी पुरेसं पाणी, सपाट झोताचं नोझल, तण लहान असताना. उगवणीपूर्वीचं आणि उगवणीनंतरचं औषध जोडीने. आणि प्रत्येक हंगामाची नोंद: मूळ घटक, तारीख, मात्रा. ही वही कुठल्याही बाटलीपेक्षा मोलाची.

रात्री नऊ

खोलीवर बियांची पाकिटं लावायची असतात. गाव, पीक-पद्धत, मागच्या वर्षांत पडलेली औषधं. सूर्यफूल, भाजीपाला किंवा बरसीम फिरवणाऱ्या शेतांतली पाकिटं वेगळ्या डब्यात, नुसत्या भात-गव्हाची वेगळ्या. प्रतिकार आधी आणि जास्त दिसला तो दुसऱ्या डब्यातल्या शेतांत. आयसोप्रोट्युरॉनच्या वेळीही असंच होतं.

महाराष्ट्रातल्या सोयाबीन, गहू, कापूस पिकवणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे. फवारणीनंतर तीन आठवड्यांनी शेतात एक फेरी मारा आणि मेलेल्या तणाला खेटून जिवंत उभं असलेलं तण शोधा. सापडलं तर जागा खूण करून ठेवा, बी धरायच्या आत ते उपटा, आणि दोन-चार झाडं मुळासकट ओल्या गोणपाटात बांधून, सोबत गेल्या तीन वर्षांत मारलेल्या औषधांची नावं लिहून, आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात नेऊन द्या. हरियाणात ही झाडं तपासणीला आली तेव्हा पीक गुरांपुढे गेलं होतं. आपल्याकडे अजून वेळ आहे.